ओल आलेली खोली आणि शुद्धीचा प्रश्न

घरातल्या एखाद्या खोलीला ओल येते. भिंतीवर काळपट-हिरवट बुरशी चढते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि ती खोली बाकीच्या घरापेक्षा थंडच राहते. बांधकामाच्या दृष्टीने हा दुरुस्तीचा विषय आहे. धर्मशास्त्रांच्या दृष्टीने मात्र त्यातून तीन प्रश्न निघतात. अशी खोली अशुद्ध मानावी का? भिंतीवरची बुरशी हा मळ आहे की जीव? आणि भिंत बिघडली याचा दोष भिंतीचा, बांधणाऱ्याचा, की आत राहणाऱ्याच्या वागणुकीचा? यहुदी, हिंदू, जैन आणि बौद्ध परंपरांनी या प्रश्नांचा विचार केला आहे, आणि पुणे जिल्ह्यातल्या शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत या चारही परंपरांचे धागे सापडतात. तिसरा प्रश्न त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर खोलीत झोपणाऱ्या माणसाचे काय होणार हे ठरते.

शिरूर आणि दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या मानाने अगदी थोडा. अशा कोरड्या भागात ओलीचा त्रास कशाला असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण ओल फक्त आभाळातून येत नाही. घोड, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या काठची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. तिच्यावरचा पाया दरवर्षी थोडा हलतो आणि भिंतीला बारीक भेगा पडतात. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि उसाच्या फडाला लागून असलेल्या घरांच्या पायाशी पाणी बारमाही मुरू लागले. हे पाणी दगड-विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि सोबत जमिनीतले क्षार नेते. पाणी उडून जाते, क्षार भिंतीच्या तोंडाशी साचतात. त्यालाच लोणा लागणे म्हणतात. लोणा आणि बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोणा निर्जीव मीठ आहे, बोटाने चोळला तर भुगा होतो, पाण्यात विरघळतो. बुरशी सजीव आहे. घरात दोन्हींना सरसकट ‘ओल’ म्हणतात, आणि म्हणूनच उपाय चुकतो.

दुसऱ्या प्रकारची ओल हवेतून येते. डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. उत्तरेकडची, दिवसभर ऊन न लागणारी भिंत आणि वरचा उघडा स्लॅब रात्री गार पडतो. आत झोपलेल्यांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे यांतले बाष्प त्या गार पृष्ठभागावर जमते. बुरशीला वाहते पाणी लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली तरी पुरते. लोखंडी कपाट भिंतीला चिकटून ठेवले की त्याच्या मागे हवा खेळत नाही आणि बुरशी आधी तिथेच धरते. जुन्या माळवदाच्या घरात पांढरीच्या मातीचे जाड छप्पर आणि जाड मातीच्या भिंती बाष्प शोषून घेत आणि उन्हात सोडून देत. सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग दिलेली भिंत ते करू शकत नाही. जुन्या घरांना अंधाराचा दोष होता, नव्या घरांना कोंडलेपणाचा आहे.

बुरशीचे बीजाणू सगळ्याच हवेत असतात, श्रीमंताच्या दिवाणखान्यात आणि गरिबाच्या खोपीत सारखेच. बुरशी कुणाकडे ‘येत’ नाही. ओल मिळेल तिथे उगवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे त्यांत नोंदवले आहे; बुरशीची ‘चालण्याजोगी’ मर्यादा मात्र ठरवलेली नाही, ओलच रोखावी असे सांगितले आहे. धर्मशास्त्रे या ज्ञानाच्या फार आधीची आहेत. तरी त्यांतल्या काहींनी भिंतीकडे विलक्षण बारकाईने पाहिले होते.

ओल धरलेल्या घराविषयीचा सर्वांत सविस्तर प्राचीन कायदा हिब्रू धर्मग्रंथातल्या लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. मराठीत तो आणण्याच्या कामात दौंड तालुक्यातल्या केडगावचे नाव येते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून एकटीने मराठीत उतरवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि हे भाषांतर १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. बलिदान, शुद्धाशुद्ध, त्वचेचे आणि भिंतीचे चट्टे असा कोरडा कायदा असलेले हे पुस्तक संस्कृत धर्मशास्त्रात वाढलेल्या स्त्रीने दौंडच्या माळावर बसून शब्दशः पारखले, ही मराठीच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि तिची दखल फार कमी घेतली जाते.

त्या अध्यायातली पद्धत अशी. घरमालकाने याजकाकडे जाऊन घरात चट्ट्यासारखे काही दिसते असे सांगायचे. याजक येण्याआधी घर रिकामे करायचे, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरणार नाही. मग याजक भिंत पाहतो. हिरवट किंवा तांबूस, भिंतीच्या पातळीपेक्षा खोल गेलेले पट्टे दिसले तर तो घर सात दिवस बंद करतो. सातव्या दिवशी चट्टा पसरलेला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून सगळी भिंत खरवडायची, खरवडलेली माती बाहेर न्यायची, दुसरे दगड बसवायचे आणि नवा गिलावा द्यायचा. त्यानंतरही चट्टा परत आला तर घर पाडायचे: दगड, लाकूड, गिलावा सगळे गावाबाहेर. परत आला नाही तर घर शुद्ध. मग दोन पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती यांचा विधी होतो, एक पक्षी वाहत्या पाण्यावर मारला जातो आणि दुसरा गावाबाहेर मोकळ्या रानात सोडला जातो.

आजचा चांगला गवंडीही जवळपास हेच करील. चट्टा पुसून न थांबता वाट पाहायची, पसरतो का ते बघायचे, बाधित भाग मुळासकट काढायचा आणि पुन्हा उगवला तर समजायचे की दोष पृष्ठभागावर नाही. या कायद्यातली दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. या अध्यायात घरमालकाच्या पापाचा उल्लेख नाही. चट्टा देवच पाठवतो असे म्हटले आहे, आणि शेवटचे प्रायश्चित्त होते ते घरासाठी. बंद घरात शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत अशुद्ध, तिथे झोपला-जेवला असेल तर कपडे धुवायचे. एवढ्यावर माणसाचा विषय संपतो.

नंतरच्या यहुदी पंडितांना हे पुरेसे वाटले नाही. तालमूदमध्ये घराच्या चट्ट्याचे कारण कंजूषपणा असे सांगितले गेले: शेजाऱ्याने एखादी वस्तू उसनी मागितली आणि ‘नाही’ म्हणून खोटे सांगितले, आता घर रिकामे करताना ती सगळ्या गावासमोर बाहेर येते. एका मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या भाष्यात, उलट आहे: आधीच्या रहिवाशांनी भिंतीत लपवलेले धन भिंत फोडल्यावर सापडावे म्हणून देवाने चट्टा पाठवला. एक मत तर असे की असे घर कधी झालेच नाही, होणारही नाही. हा कायदा फक्त अभ्यासासाठी आहे. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या नगाईम या प्रकरणाप्रमाणे इस्राएलच्या भूमीबाहेरच्या घरांना हा नियम लागूच नाही, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी कुटुंबांच्या पुण्यातल्या वा कोकणातल्या भिंतींवर याजकाचा अधिकार कधी चालला नाही. कंजूषपणाचे स्पष्टीकरण नीतिपाठ म्हणून देखणे आहे. पण भिंत पाहून माणसाचा स्वभाव ओळखण्याची सवय तिथूनच सुरू होते, आणि ती सवय वाईट आहे. मूळ कायदा तिच्यापेक्षा शहाणा होता.

ही सवय सरकारालाही लागते, हे पुणे जिल्ह्याने १८९७ मध्ये पाहिले. प्लेग पसरला तेव्हा रोग कोंदट, अंधाऱ्या, दमट घरांतून उगवतो अशी समजूत होती. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीच्या काळात सोल्जर घराघरांत शिरले. सामान बाहेर काढले गेले, काही जाळले गेले, जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना मारला गेला. घर हा आरोपी ठरला आणि घरातली माणसे त्याची साथीदार. लोकांचा संताप किती झाला ते २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांनी दाखवले. पिसवांमार्फत प्लेग पसरतो असे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे भिंतींना चुना फासला जात होता तेव्हा खरे कारण उंदरांच्या अंगावर फिरत होते. केडगावची वसाहतही याच काळातली: दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या दिवसांत पुण्यात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर हलवले. लेवीयचा याजक आणि रँडचा सोल्जर यांच्यात फरक हा की पहिल्याला घरमालक स्वतः बोलावतो, आणि तो येण्याआधी मालकाला आपले सामान वाचवण्याची मुभा असते.

हिंदू धर्मशास्त्रात ओल आलेल्या भिंतीसाठी वेगळा अध्याय नाही. तिथे भूमीची आणि घराची शुद्धी आहे. मनुस्मृतीत जमीन शुद्ध करण्याचे पाच उपाय येतात: झाडणे, सारवणे, पाणी शिंपणे, वरचा थर खरवडणे आणि गाईंना तिथे राहू देणे. याज्ञवल्क्य त्यांत जाळणे आणि नुसता काळ जाऊ देणे हेही धरतो, आणि घरासाठी झाडणे-सारवणे पुरेसे मानतो. काळ जाऊ देणे हा उपाय वाटतो तितका निष्क्रिय नाही. ऊन-वाऱ्याला अवधी देणे हे वाळवण्याचे मुख्य साधन आहे. शेणाने सारवलेली भुई मात्र ओलीच्या खोलीत उलटी वागते. सारवणाने पाणी घातले जाते, आणि जी खोली वाळतच नाही तिच्यात शेण हे बुरशीचे खाद्य होते. शास्त्राने सारवण सांगितले ते उन्हाच्या अंगणासाठी आणि हवेशीर घरासाठी. उत्तरेच्या अंधाऱ्या खोलीत तेच केले तर शुद्धी आणि आरोग्य यांची फारकत होते.

पंचांगाने मात्र काळ अचूक साधला आहे. घटस्थापनेआधी शिरूर-दौंडच्या गावांत घर काढतात. भांडीकुंडी, फडताळे, उतरंडी बाहेर येतात, वाकळा-गोधड्या नदीवर नाहीतर विहिरीवर धुवायला जातात, भिंतींना चुना किंवा पांढरी माती दिली जाते. पाऊस ओसरलेला असतो आणि आश्विनाचे कडक ऊन लागायला सुरुवात झालेली असते. पावसाळ्यात धरलेली बुरशी काढून भिंत वाळवायला वर्षात याहून चांगला पंधरवडा नाही. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि त्यातून भिंतीला बाष्प सोडता येते. देवीच्या नावाने सांगितलेली ही साफसफाई टिकली, कारण तिला तारीख होती.

याच परंपरेत अलक्ष्मी आहे. लक्ष्मीची थोरली बहीण, मळकट, अंधाऱ्या, कटकटीच्या घरात राहणारी. दिवाळीच्या पहाटे सूप वाजवून तिला हाकलतात. केरसुणीला लक्ष्मी मानून तिची पूजा करणे हा या कल्पनेचा सुंदर भाग आहे; त्यात झाडण्याच्या कामाला मान मिळतो. पण अलक्ष्मीच्या कथेत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल सहज होते. खोली दमट आहे कारण घरात पैसा नाही, पाया उथळ आहे, खिडकी एकच आहे. कथा ऐकणारा म्हणतो की घरात अवदसा आहे म्हणून पैसा टिकत नाही. घरकुलाच्या एका खोलीत पाच माणसे श्वास घेतात, तिथेच स्वयंपाक होतो, तिथेच कपडे वाळतात. त्या भिंतीवरच्या काळ्या डागाला अवदसा म्हणणे हा त्या पाच माणसांवरचा अन्याय आहे. वास्तुदोष काढणारा सल्लागारही बहुतेक वेळा हेच करतो: दिशा सांगतो, पण कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा असे सांगत नाही.

शुद्धीच्या नियमांचा सर्वांत जड भार कुणी वाहिला, हे त्या खोलीत कुणाला ठेवले जाई यावरून कळते. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली आतली, अंधारी, वाऱ्याला बंद केलेली खोली. सोयराचे दहा दिवस तिथेच. खाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, खिडक्यांना गोणपाट. शेगडीचा धूर कोंडे आणि भिंत घामेजे. ‘बाहेर बसलेली’ बाई मागच्या पडवीत, गोठ्याच्या कडेला. केशवपन झालेली विधवा माजघराच्या मागे. विटाळ माणसाला चिकटवला आणि माणसाला ओलीत ठेवले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रुग्णासाठीच्या इमारतीचे वर्णन आहे: भक्कम, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित तरी एका बाजूने हवा खेळती, आणि धूर, ऊन, पाणी, धूळ यांना शिरकाव नसलेली. म्हणजे वैद्यकाला ठाऊक होते. सोवळ्याने ते ऐकले नाही. रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून उच्चवर्णीय विधवेची हलाखी जगापुढे मांडली. अशुद्धी माणसावर लादली की काय होते हे इतक्या जवळून पाहिलेल्या स्त्रीने पुढे केडगावात अशुद्धी भिंतीपुरती ठेवणारा कायदा भाषांतरित केला. दोन्ही गोष्टी एका आयुष्यात घडल्या, आणि त्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

कामाच्या हातांचेही तेच. चुना भाजला लोणाऱ्यांनी, माती-दगडाचे काम केले वडार आणि बेलदारांनी, भिंती सारवल्या घरच्या बायकांनी. घर शुद्ध करणारे हात शुद्धीच्या उतरंडीत खालीच राहिले. शुद्धीच्या कोणत्याही सिद्धांताला हा प्रश्न विचारावा लागतो, आणि धर्मशास्त्राकडे त्याचे समाधानकारक उत्तर नाही.

जैन विचारात प्रश्नच बदलतो. शिरूर, म्हणजे घोडनदी, हे मारवाडी आणि गुजराती जैन व्यापाऱ्यांचे जुने गाव. दौंडच्या बाजारपेठेतही जैन कुटुंबे आहेत. इथे बुरशी हा मळ नाही. ती जीव आहे, आणि एक नव्हे, अनंत. जैन शास्त्रात बुरशी साधारण वनस्पतीत मोडते: एकाच शरीरात अनंत जीव, सर्वांचा आहार एक, श्वास एक. यालाच निगोद आणि अनंतकाय म्हणतात. घरात बोलताना लीलण-फुलण. दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्यायात साधूने सतत जाणून घ्यायच्या आठ सूक्ष्म गोष्टी दिल्या आहेत, त्यांत दव-धुक्यासारखी सूक्ष्म ओल आणि पनक म्हणजे बुरशी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. कल्पसूत्रात बुरशीचे काळा, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा असे पाच रंग सांगून ती ज्या द्रव्यावर उगवते त्याच्या रंगाची असते असे म्हटले आहे. भिंतीवरच्या डागाकडे इतके लक्षपूर्वक पाहणारी दुसरी धार्मिक परंपरा क्वचितच असेल. लेवीयचा याजक डाग पाहतो तो निकाल देण्यासाठी. जैन साधू पाहतो तो पाय दुसरीकडे टाकण्यासाठी.

मग भिंत खरवडायची कशी? तळहाताएवढा डाग पुसणे म्हणजे अनंत जीवांचा घात. साधूपुरता मार्ग सरळ आहे: बुरशीला स्पर्श न करणे, तशा जागी न राहणे. चातुर्मासात साधू-साध्वी एकाच गावी थांबतात आणि नेमके तेच बुरशीचे चार महिने, म्हणून स्थानकाची, म्हणजे त्यांच्या मुक्कामाची, जागा आधीच पाहून ठेवावी लागते. गृहस्थाला घर सोडून जाता येत नाही. त्याच्यासाठी शास्त्राने हिंसेचे भेद केले आहेत. ठरवून केलेली संकल्पी हिंसा त्याला वर्ज्य. रांधणे, झाडणे, घर राखणे यांत अटळपणे होणारी ती आरंभी हिंसा, आणि ती पूर्ण टळत नसली तरी जतनेने कमीत कमी करायची. हालचाल करणाऱ्या जीवांना जपण्याचे व्रत गृहस्थाला कडक आहे; स्थावर जीवांच्या बाबतीत गरजेपुरती मर्यादा आहे.

यातून निघणारा व्यवहार आधुनिक सल्ल्याच्या फार जवळ जातो. बुरशी उगवल्यावर मारण्यापेक्षा उगवूच न देणे हे पुण्याचे. छपराची गळती, मोरीची फूट, भेगा हे सगळे पावसाआधी, वैशाखात दुरुस्त करायचे; पापड, लोणची, डाळी वाळवून झाकायच्या; पावसात भिंतीला पाणी लागणारी कामे काढायची नाहीत. बुरशी काढून टाकली आणि ओल तशीच ठेवली तर ती पुन्हा उगवणार, पुन्हा पुसावी लागणार, आणि प्रत्येक वेळी नवा घात. त्यामुळे दर आठवड्याला ब्लीचिंगचे पाणी मारणारा गृहस्थ जैन हिशेबाने सर्वांत जास्त हिंसा करतो, आणि गवंड्याच्या हिशेबाने सर्वांत कमी काम. मूळ बंद करण्याचा आग्रह दोन्हीकडून येतो.

जीवशास्त्र आज बुरशीला वनस्पती मानत नाही. रॉबर्ट व्हिटेकर यांच्या १९६९ च्या वर्गीकरणापासून तिची वेगळी सृष्टी धरली जाते. त्याने जैन युक्तिवाद पडत नाही, कारण त्याचा भर वर्गीकरणावर नाही, संयमावर आहे. अडचण दुसरीकडे आहे. खोलीत दम्याचे मूल खोकत असताना चातुर्मास संपण्याची वाट पाहावी का? जैन शास्त्रातच याचे उत्तर आहे: एकेंद्रिय जीवाच्या घातापेक्षा पंचेंद्रिय जीवाचा घात गंभीर. मुलाचा श्वास आधी. डाग त्याच दिवशी काढणे ही हिंसाच, पण लहान हिंसा, आणि ती लहान का आहे हे जैन विचार जितके स्पष्ट सांगतो तितके इतर कुणी सांगत नाही.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, भिंतीच्या डागाबाबत अशा हिशेबाचा मागमूस नाही. चुल्लवग्गात निवासस्थानाची कर्तव्ये दिली आहेत. गेरूचे काम केलेल्या भिंतीला डाग धरले तर फडके भिजवून, पिळून भिंत पुसावी. काळ्या रंगाने घोटलेल्या जमिनीचेही तसेच. जमीन साधी असेल तर धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपून झाडावे. हिवाळ्यात खिडक्या दिवसा उघडाव्यात, रात्री बंद कराव्यात. उन्हाळ्यात दिवसा बंद, रात्री उघड्या. अंथरूण-पांघरूण, पाट, पिकदाणी बाहेर नेऊन उन्हात घालावे आणि होते तिथे परत आणावे. फडके पिळून घ्यायचे, म्हणजे भिंतीत आणखी पाणी जाणार नाही. हा तपशील अनुभवाशिवाय सुचणारा नाही. अशुद्धी नाही, पाप नाही, प्रायश्चित्त नाही. फक्त काम आहे, आणि ते ज्याने त्याने करायचे आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या, कुणी न पाहिलेल्या भिक्षूला बुद्धाने आनंदासह स्वतः धुतले, ही महावग्गातली कथा त्याच वृत्तीची. १९५६ नंतर शिरूर-दौंडमधल्या ज्या कुटुंबांनी धम्म स्वीकारला, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाणीची कामे अशुद्धीच्या नावाखाली करावी लागली होती. त्यांच्यासाठी पिळलेल्या फडक्याचा हा नियम साधा नाही. त्यात काम आहे आणि विटाळ नाही.

वारकरी विचार याच्या जवळ येतो, पण वेगळ्या वाटेने. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करत दौंड तालुक्यातून जाते. संतांनी सोवळ्याओवळ्याच्या देखाव्यावर सडकून टीका केली आणि शुद्धी अंतःकरणाची मानली. या शिकवणीचा गैरअर्थ असा निघू शकतो की भिंतीची काळजी गौण आहे. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तो अर्थ निघू दिला नाही. गावात शिरताच आधी खराट्याने रस्ते झाडायचे आणि मग रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. झाडणाऱ्याला हीन समजण्याची रीत त्यांनी युक्तिवादाने नव्हे, खराटा हातात घेऊन मोडली.

देवळाचा गाभारा ही या चर्चेतली एक अवघड जागा. रचनेनेच तो खिडकी नसलेला, गार, आणि अभिषेकाने सतत ओला असतो. निर्माल्य आणि दूध-दही बुरशीला पोषक. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या पूर्वाभिमुख महागणपतीविषयी अशी प्रसिद्धी आहे की दक्षिणायनात सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात. ऊन गाभाऱ्यापर्यंत पोचणे हे भक्ताला दर्शन वाटते, आणि दगडासाठी ते वाळण्याचे साधन आहे. दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात. गाभाऱ्यातली ओल कमी करण्याला देवस्थानांनी धर्मबाह्य काम समजू नये.

शेवटचा मुद्दा मालकीचा. वर आलेले बहुतेक नियम घर स्वतःचे आहे असे धरून चालतात. दौंडमध्ये रेल्वेची आणि राज्य राखीव पोलीस दलाची क्वार्टर्स आहेत, शिरूरजवळच्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले हजारो लोक भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना दगड काढता येत नाहीत, स्लॅबवर काही करता येत नाही; खिडकी उघडणे, कपाट ओढणे, फडके पिळून पुसणे एवढेच त्यांच्या हातात. पायातून चढणारी ओल त्याने हटत नाही. भाडेकरूने खोली ‘नीट ठेवली नाही’ हा आरोप त्यामुळे अनेकदा अलक्ष्मीच्या कथेचाच नवा अवतार असतो. भिंत सामायिक असेल तर काय, याचे उत्तर मिश्नात आहे. दोन घरांमधल्या भिंतीला चट्टा पडला तर दगड दोघांनी मिळून काढायचे, खरवडायचे दोघांनी, नवे दगडही दोघांनी आणायचे. शेजारी निर्दोष असला तरी त्याचे हात लागणारच. नव्या गिलाव्याची माती मात्र ज्याच्या घरात चट्टा उगवला त्या मालकाने एकट्याने आणायची.